हजेरी मोबाइलची की मजुराची?

रोजगार हमीच्या कामांवरची बोगस हजेरी थांबावी म्हणून केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, मोबाइल ॲपवरची हजेरी सक्तीची केली. मुकादमाने दिवसातून दोनदा कामाच्या जागी मजुरांचे फोटो काढायचे. वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदले जाणार. जुलै २०२५ मध्ये मात्र केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो, फोटोतली डोकी आणि लावलेली हजेरी जुळत नाही. उपाय काय, तर ग्रामपंचायतीने फोटो तपासायचे! मुकादमावर भरवसा नव्हता म्हणून ॲप आले, आणि ॲपवर नजर ठेवायला पुन्हा माणसेच बसवावी लागली.

यात ॲप बिघडले होते असे नाही. फोन कुठे आहे एवढेच त्याला कळते, आणि तेही अंदाजाने. उघड्या माळावर साधा फोन सुमारे पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. उंच इमारती, दाट झाडी किंवा छप्पर आले की उपग्रहाचा संकेत अडतो, भिंतीवर आपटून येतो आणि चूक वाढते. नकाशातल्या निळ्या ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ या चुकीचीच कबुली देत असते. साहेबांच्या तक्त्यात ते वर्तुळ गळून पडते. उरते फक्त हजर किंवा गैरहजर. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांना जीपीएस घड्याळे दिली होती. अशा घड्याळातला ठिपका शेजारच्या गल्लीत सरकला, तर खाडा कोणाचा लागणार हे सांगायला नको.

मग जुने मस्टरच बरे होते का? मुळीच नाही. कागदी मस्टरवर मेलेली माणसेही खड्डे खणत असत. पण ठिकाणाच्या नोंदीने लबाडाचे फारसे अडत नाही. खोटे ठिकाण दाखवणारी ॲप्स सहज मिळतात. अडते ते रेंज नसलेल्या पाड्यावरच्या बाईचे: दिवसभर माती उपसली तरी फोटो न चढल्यास मजुरी लटकते. वास्तविक रोजगार हमीत मजुरी मोजमापावर काढण्याची पद्धत आहे. चराची लांबी, रुंदी, खोली टेप लावून मापपुस्तकात उतरवली जाते. खणलेला चर जागेवरून हलत नाही आणि त्याला नेटवर्कही लागत नाही. ॲपची नोंद आणि मापपुस्तक जुळत नसेल तर जरूर चौकशी व्हावी, मात्र तोवर मजुरी रोखू नये. फोटो चढला नाही त्या दिवशी मुकादमाची आणि मजुराची सही ग्राह्य धरावी, आणि ॲपपायी बुडालेला रोज कोणी, किती दिवसांत भरून द्यायचा, हे सक्तीच्या आदेशातच लिहावे.