एका म्यानात दोन सुऱ्या

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. दोन हट्टी माणसांच्या बाबतीत ते खरे असेल. सुऱ्यांचे तसे नाही. नगरच्या कुठल्याही चांगल्या चर्मकाराला सांगा, मधे एक जाड पडदा घालून तो दोन सुऱ्या एकाच म्यानात नीट बसवून देईल. बकरी ईद जवळ येण्याआधी ज्या घरांत स्वतःच्या सुऱ्या आहेत, त्यांनी हे काम करून घ्यावे, म्हणून या महिन्यात हा विषय.

जिलहिज्जच्या १०, ११ आणि १२ तारखेला आपल्या मोहल्ल्यांतून जितक्या सुऱ्या इकडून तिकडे जातात, तितक्या वर्षभरात जात नसतील. कुणी मुकुंदनगरहून झेंडीगेटला भावाकडे जातो, कुणी शहरातून संगमनेर किंवा श्रीरामपूरला गावी. सुरी बहुधा वर्तमानपत्रात किंवा जुन्या टॉवेलात गुंडाळलेली असते आणि मोटारसायकलच्या डिकीत नाहीतर हँडलला लटकवलेल्या पिशवीत पडलेली असते. कागद दोन खड्ड्यांत फाटतो. पिशवीत काय आहे हे बघायला पहिला हात घालते ते घरातले लहान मूल. आणि डिकीतल्या पान्यावर आपटून सुरीची धार जाते, ती वेगळीच.

धार जाणे ही साधी गोष्ट नाही. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांनी सांगितलेली आणि सहीह मुस्लिममध्ये आलेली हदीस आपल्याला माहीत आहे. अल्लाहने प्रत्येक कामात चांगुलपणा ठेवला आहे, म्हणून जिब्ह करायचे तर तेही चांगल्या रीतीने करावे, सुरीला धार लावून घ्यावी आणि जनावराला त्रास कमी द्यावा, असा तिचा आशय. जनावराच्या डोळ्यांसमोर धार लावू नये, अशीही ताकीद आहे. म्हणजे सुरी घरीच धार लावून, झाकून न्यायची आणि वेळ आली की बाहेर काढायची. झाकलेली सुरी जनावरालाही दिसत नाही आणि तिची धारही टिकते.

सुऱ्या दोन का, तर कामे दोन आहेत. जिब्हची सुरी सरळ, पातळ धारेची. तिने दुसरे काहीच करू नये. कातडे सोलायची सुरी आखूड, टोकाकडे वळलेली. ती हाडाला लागते, सांध्यात फिरते, त्यामुळे लवकर बोथट होते. एकाच सुरीने दोन्ही कामे केली, तर दुसऱ्या बोकडाच्या वेळी पहिल्यासारखी धार राहत नाही. म्हणून दोन्ही सोबत हव्यात, पण एकमेकींना लागता कामा नयेत.

उघडे शस्त्र घेऊन लोकांत वावरण्याबद्दल आपल्याकडे स्पष्ट शिकवण आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. नंगी तलवार एकमेकांच्या हातात देण्याची मनाई अबू दाऊद आणि तिर्मिझीत आलेली आहे. तलवारीला जे लागू, ते कुर्बानीच्या सुरीलाही लागू का होऊ नये?

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. सणासुदीच्या दिवसांत जिल्हादंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात. त्यात सार्वजनिक जागी शस्त्रे, लाठ्या, सुरे बाळगण्यास काही दिवस बंदी असते. आपल्या जिल्ह्यात असे आदेश वर्तमानपत्रांत नेहमी छापून येतात. शस्त्रांविषयीच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रात धरले आहेत. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत, पण रस्त्यावर हा फरक समजावून सांगण्याची वेळ येऊ नये हेच बरे. बोकडासाठी ७-८ इंचांचे पाते पुरेसे आहे. म्यान कमरेला लटकवायचे नाही. ते बंद करून पिशवीत, पिशवी डिकीत, आणि घरातून निघून सरळ कामाच्या जागी. आदेश निघाला असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

आता कातड्याविषयी. बाजारात मऊ, रंगीत, क्रोमने कमावलेले कातडे सहज मिळते. बॅगेला ते चांगले, म्यानाला नाही. ते आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांमुळे पाते गंजू शकते. म्यानाला झाडाच्या सालीवर कमावलेले कडक कातडे हवे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. हा हिरडा आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या सह्याद्रीच्या डोंगरांत होतो आणि तिथले आदिवासी तो गोळा करून विकतात. चर्मकाराला “चपलेच्या तळाचे कातडे” म्हटले की त्याला बरोबर समजते. जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास असावी.

कातडे म्हशीचे घ्यावे आणि बिल मागावे. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हैस त्या बंदीत येत नाही. बिल असले की कुणाच्या मनात प्रश्न उरत नाही. कमावलेले कातडे पाक होते, डुकराचे मात्र नाही. तेव्हा तेही विचारून घ्यावे. आपल्याच कुर्बानीचे कातडे कमावून स्वतः वापरायला हरकत नाही, पण बोकडाचे कातडे पातळ असते, एकट्याने ते सुरीची धार सोसत नाही.

चर्मकाराकडे जाताना दोन्ही सुऱ्या न्यायची गरज नाही. जाड कागदावर सुरी ठेवून पेन्सिलीने तिच्याभोवती रेघ ओढावी, सर्वांत जाड जागी किती जाडी आहे ते लिहावे, मूठ कुठे सुरू होते तिथे खूण करावी. आपण उजव्या हाताने काम करतो की डाव्या, हेही सांगावे. मग या गोष्टी ठरवाव्यात:

धारेच्या बाजूला दोन पदरांच्या मधे कातड्याची एक पट्टी हवी. ही पट्टी नसेल तर धार थेट शिलाईवर घासते आणि चार वापरांत दोरा तुटतो. म्यानाचा सगळा जीव या पट्टीत आहे.

मोठी सुरी मागे, लहान पुढे, मधे एक पूर्ण पदर. दोन्ही मुठी वरखाली असाव्यात, म्हणजे एक काढताना दुसरीला हात लागत नाही. मूठ एक-दीड इंच आत बसावी आणि प्रत्येक मुठीला टिचबटणाचा वेगळा पट्टा असावा. लहान मुलाच्या बोटांनी सहज उघडेल असे बटण नको.

शिलाई हाताची, आरीने भोक पाडून, मेण लावलेल्या जाड दोऱ्याने. तळाला एक बारीक भोक ठेवावे, आत गेलेले पाणी निघून जाते. शेवटी कातडे ओले करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सुरी आत घालून, दाबून सावलीत वाळवले की म्यान सुरीच्या अंगावर बसते. एवढ्यासाठी मात्र सुऱ्या दुकानात न्याव्या लागतील.

असे वस्तू बनवून घेणे म्हणजे हनफी फिकहमधला ‘इस्तिस्ना’. जी वस्तू जवळ नाही ती विकू नये, हा मूळ नियम. पण पादत्राणे आणि भांडी लोक पहिल्यापासून सांगून बनवून घेत आले, म्हणून फुकहांनी ही सवलत मान्य केली. अट एवढीच की माल, माप, बनावट आणि किंमत आधी उघड ठरलेली असावी. “बघू, झाल्यावर देऊ काहीतरी” हा व्यवहार नव्हे. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या मोचीकाकांना आपण चपलेचा अंगठा लावून देण्याचे दहा-वीस रुपये देतो, त्या हिशेबाने दिवसभराच्या कामाची किंमत करू नये. थोडी रक्कम आगाऊ द्यावी, कारण कातडे त्यांना रोख घ्यावे लागते. उरलेली रक्कम म्यान हातात घेताना तिथेच द्यावी. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण शेजारच्या हिंदू कारागिरालाही तितकीच लागू आहे.

वापराचे नियम थोडे आहेत, पण ते पाळावेच लागतात. कातडे रक्त आणि पाणी शोषते आणि नीट धुता येत नाही. म्हणूनच मोठ्या कत्तलखान्यांत धुता येणारी प्लास्टिकची किंवा स्टीलची म्याने वापरतात. आपल्या म्यानात फक्त स्वच्छ, कोरडी सुरी जाईल. काम झाल्यावर वापरलेली सुरी जाड फडक्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात घरी आणावी, गरम पाण्याने धुऊन पुसावी, मगच म्यानात. वर्षभर मात्र तिथे ठेवू नये. कातड्यात ओल राहते, पाते गंजते, आणि पावसाळ्यात म्यानाला बुरशी येते. सुऱ्यांना खाण्याच्या तेलाचा हलका हात देऊन कागदात गुंडाळून कुलपात ठेवाव्यात. म्यान वेगळे, हवेशीर जागी टांगावे.

ईदला शेजारी सुरी मागायला येतात आणि नाही म्हणणे जमत नाही. तेव्हा सुरी म्यानासकट द्यावी, मूठ समोरच्याकडे करून. परत करताना धुऊन, पुसून, म्यानात घालून द्या, एवढे प्रेमाने सांगावे. आणि चर्मकाराकडे ईदच्या महिनाभर आधी जावे. घाईत शिवलेल्या म्यानात सगळ्यात आधी राहून जाते ती धारेकडची पट्टी.