विश्लेषण : समुद्र नसलेल्या बीडला सागरविज्ञान शिबिर कशासाठी?

बीडपासून मुंबईचा किनारा सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. त्यामुळे समुद्राचे प्रत्यक्ष विज्ञान शिकवणारी उन्हाळी शिबिरे ही किनाऱ्यावरच्या मुलांचीच चैन, असे वाटू शकते. पण अशा शिबिराची सर्वाधिक गरज असलेली मुले बीडमध्येच आहेत.

या शिबिरांत काय शिकवतात?

भरती-ओहोटीचे एक चक्र साधारण १२ तास २५ मिनिटांचे असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी खूप आत जाते आणि खडकांमधली पाण्याची डबकी उघडी पडतात. त्यांत खेकडे, कालवे, समुद्रफुले, शेवाळ दिसते. मुले खडकावर चौकट ठेवून तिच्यातले जीव मोजतात, पाण्याचा खारटपणा तपासतात, बारीक जाळीने प्लवक गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवणे हाही अभ्यासाचाच भाग. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना असा किनारा दाखवत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००६ पासून कासव महोत्सव होतो.

बीडचा समुद्राशी संबंध काय?

बीड शहरातली बिंदुसरा सिंदफणेला मिळते. सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र जवळ असूनही बीडचे पाणी पूर्वेला जाते. बिंदुसरेत टाकलेली प्लास्टिकची पिशवीही त्याच वाटेने निघते. शिवाय जिल्हा ज्या पावसाची वाट पाहतो, त्याचे बाष्प समुद्रावरूनच येते.

उन्हाळ्यातच का?

शाळांच्या सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात. नेमक्या त्या वेळी ऊसतोड मजुरांची अनेक मुले आईवडिलांबरोबर फडावर असतात. कारखान्यांचे पट्टे पडले की ती गावी परततात. म्हणजे सहलही हुकते आणि प्रयोगही हुकतात. सुटीतले शिबिर ही त्यांच्यासाठी हौस नाही, हुकलेल्या शिक्षणाची थोडीफार भरपाई आहे.

ते कसे घेता येईल?

सुरुवात गावच्या पाण्यापासून व्हावी. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, यावरून समुद्राचा नितळपणा मोजला. माजलगावच्या जलाशयावर पांढरी ताटली, दोरी आणि वजन एवढ्यावर तेच जमते. ओढणीच्या कापडाची जाळी करता येते. रोहू, कटला, चिलापी ओळखायला शिकवणारे भोई मच्छीमार जिल्ह्यातच आहेत. असे तीन-चार दिवस सकाळच्या वेळी झाले की मग दोन दिवस कोकण. तोवर मुले नुसते पाहायला नाही, तुलना करायला जातील. पावसापूर्वी समुद्र खवळतो, त्यामुळे एप्रिलअखेर ते मेचा पहिला पंधरवडा हा काळ योग्य.

पाण्याचे टँकर चालतात तिथे हे कशाला?

हा आक्षेप रास्त वाटतो. पण पाणी मोजायला शिकलेले मूल घरच्या हंड्यातले पाणीही तपासून बघते. टंचाई रोज सोसणाऱ्या जिल्ह्यात पाण्याचे विज्ञान फळ्यावरच राहणे, हीच खरी चैन म्हणायची.

जबाबदारी कोणाची?

शैक्षणिक सहलींना एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. सुटीतल्या शिबिरालाही ती मिळावी. उरलेल्या खर्चाचा भार जिल्हा परिषद आणि साखर कारखान्यांनी उचलावा, पालकांवर टाकू नये. जीवरक्षक जॅकेट, गुडघाभर पाण्याची मर्यादा आणि स्थानिक जाणकार सोबत, या तीन अटींवर मात्र तडजोड नको. आणि निवडीत पहिला हक्क फडावरून परतलेल्या मुलांचा असावा. नाहीतर या शिबिराच्या यादीतही त्यांचे नाव नसेल.