पर्यटकांच्या होडीचा परवाना आधी कोणाला?



राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्याला जंगल नि वाघ आठवतो. पण उद्यानात पाणीही असतं, आणि पाणी आलं की होडी आली. एक पोटासाठी जाळं टाकणाऱ्याची, दुसरी मजेसाठी फिरायला आलेल्याची. दुसरीला परवाना मिळतो, पहिलीला बंदी, हे आपण गृहीतच धरून बसलोय. कायदा नेमका काय म्हणतो ते बघा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २८ सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षक अभ्यास, फोटोग्राफी, पर्यटन अशा कामांसाठी आत जायचा परवाना देऊ शकतात. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानातही. म्हणजे पर्यटकाची वाट कायद्यातच आहे. पण त्याच कायद्यात कलम २६-अ पण आहे! समुद्राचा भाग अभयारण्यात किंवा उद्यानात घ्यायचा तर स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित सांभाळायची तजवीज करूनच हद्द ठरवायची. होड्यांच्या निर्धोक ये-जा करण्याच्या हक्काला धक्का लावायचा नाही. हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

जमिनीवरच्या उद्यानाचंही उदाहरण आहे. मध्य प्रदेशातल्या पेंच राष्ट्रीय उद्यानात तोतलाडोह जलाशय आहे. उद्यानातून उठवलेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना तिथे मासेमारीचे परवाने मिळाले, त्याविरुद्ध खटला झाला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते परवाने मोडले नाहीत, अटी घातल्या: फोटोचं ओळखपत्र, ठरलेली वाट, रोजच्या मासळीची नोंद, जंगलात आग पेटवायची नाही. अटी कडक, पण पोट शाबूत.

आता पर्यटनाच्या होडीकडे या. केरळात थेक्कडीला, पेरियारच्या तलावात बोटिंग चालतं. ३० सप्टेंबर २००९ ला तिथे पर्यटन महामंडळाची 'जलकन्यका' बोट उलटली आणि ४५ माणसं गेली. सरकारी बोट होती, तरी गेली. त्याच पेरियारमध्ये बांबूच्या तराफ्यावरून पर्यटकांना फिरवायचं काम वनखात्याबरोबर स्थानिक माणसं करतात. पाणी ओळखणारा माणूस सुकाणूवर असला की फरक पडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पर्यटनाला विरोध करून काही साधणार नाही. चोडणच्या पक्षी अभयारण्यात खारफुटीतून होड्या फिरतात, शेजारी मालवणात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. हे वाढतच जाणार. तेव्हा आपण तीन गोष्टी मागायला हव्यात. एक, संरक्षित पाण्यात पर्यटक होडीचा परवाना द्यायचा तर पहिला हक्क तिथल्या मासेमारी कुटुंबांचा, आणि तो सोसायटीमार्फत. बाहेरच्याने आपलं नाव कागदावर वापरून नव्हे. दोन, हद्द किंवा नियम बदलायचे तर मसुदा आधी मराठी-कोंकणीत सोसायटीकडे यावा. तीन, नियम सगळ्यांना सारखे.

तिसरी गोष्ट आपल्यालाही लागू होते हं. मासळीच्या होडीत रविवारी चार पर्यटक बसवायचे, जॅकेट नाही, माणसं मोजायची नाहीत, कॅप्टन ऑफ पोर्ट्सचा प्रवासी परवाना नाही, हे आपल्यातलेही काही करतात. एक अपघात झाला की सगळ्या वाड्याचं नाव जाईल, आणि मग परवाना मागायला तोंड राहणार नाही.

होडीमालकांनो, तुमची नोंदणी, विमा आणि परवान्याचे कागद आधी तपासा. कशासाठी नोंदलीय ते वाचा. मग हा विषय सोसायटीच्या बैठकीत मांडा. हक्क मागायचा तर कागद हातात घेऊनच मागूया.