परवाना कोणाच्या नावे?

धानाचा हंगाम सुरू झाला की भंडारा जिल्ह्यातल्या राईस मिलमध्ये माणसे वाढतात. पूर्वी माणसांबरोबर वह्याही वाढत. रोजमेळ, खतावणी, वजनवही. कोणी लिहायचे ते लिहावे, वहीचे काही म्हणणे नसे. आता वहीच्या जागी सॉफ्टवेअर आले आणि ते दारातच विचारते, ‘आपण कोण?’ या प्रश्नाच्या उत्तराला पैसे पडतात.

हे उत्तर दोन तऱ्हांनी विकले जाते. एक परवाना माणसाच्या नावाचा. एस.टी.च्या मासिक पाससारखा. तुम्ही आजारी पडलात म्हणून तो धाकट्या भावाला चालत नाही. दुसरा खुर्चीचा. वाचनालयाचे सभासद दोनशे असोत, एका वेळी बसायचे दहांनीच. (पहिल्या प्रकाराला कोणी ‘नामधारी’ म्हटले की माझ्यातला मराठीचा मास्तर दचकतो. नामधारी म्हणजे नावापुरता, आणि येथे तर सारी किंमत नावालाच!) शिवाय नुसते पाहणाऱ्यांसाठी एखादा स्वस्त प्रकार असतो. मालकांना तोच पुरतो, पण मालकांना ते पटत नाही.

खुर्चीचा दर सहसा नावापेक्षा चढा असतो. सकाळी एक, दुपारी दुसरा अशी पाळी असेल तर तो परवडतो; चौघेही दिवसभर एकदमच बसणार असतील तर नावेच घ्यावीत. हंगामापुरत्या कारकुनासाठी वर्षाचा करार करू नये, आणि तो गेला की त्याचे नाव त्याच दिवशी बंद करावे.

पण आपली काटकसर निराळीच. नाव एक आणि बसणारे चार! हिशेब सोपा वाटतो, पण मोजणारे बारकाईने मोजतात. डियाजिओ या मद्यकंपनीचे ग्राहक दुसऱ्याच सॉफ्टवेअरमधून मागणी नोंदवीत आणि ती मागल्या दाराने सॅपच्या सॉफ्टवेअरमध्ये जाई. 2017 साली लंडनच्या न्यायालयाने मागल्या दाराने येणाऱ्यालाही परवाना हवा, असे ठरवले. सॅपची मागणी होती 5 कोटी 40 लाख पौंडांहून अधिक.

आमच्याकडे बहुतेक ठिकाणी टॅली असते. तिचा सिल्व्हर परवाना एका संगणकाचा. गोल्ड साधारण तिप्पट किमतीचा, पण एका कचेरीतल्या जाळ्यावर कितीही जणांना चालतो. मौज अशी की दोन्हींत माणसांची नावे हवी तेवढी पाडता येतात, त्याला वेगळी पै लागत नाही. म्हणजे येथे एका नावावर चौघांनी बसण्यात काटकसरही नाही, नुसता आळस आहे.

या आळसाची किंमत तुमसरकडच्या एका मिलच्या मुनीमजींनी मोजली. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहावी लागते. कोणी, कधी, काय बदलले. तपासनिसाने कोंड्याच्या विक्रीचा बदललेला आकडा दाखवला. नाव मुनीमजींचे. वेळ रात्री साडेनवाची. मुनीमजी सहाला घरी जातात, हे साऱ्या गावाला ठाऊक. पण परवलीचा शब्द संगणकाच्या पाठीला चिकटवलेला, तोही साऱ्यांना ठाऊक. वीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच त्यांना कोणी ‘हे तुम्ही केले का?’ असे विचारले. ते काही बोलले नाहीत, डबा उचलून घरी गेले आणि दोन दिवस आले नाहीत.

मालक म्हणजे माझे मेव्हणे. मला विचारू लागले, “भाऊजी, पाच नावं पाडली तर बिल किती वाढंल?” काहीच नाही, म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग स्वतः मुनीमजींच्या घरी गेले.

तो आकडा कोणी बदलला ते अजून कळलेले नाही. मिलमध्ये आता पाच नावे आहेत. मुनीमजींनी आपले नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहून घेतले, आणि परवलीचा शब्द ते मालकांनाही सांगत नाहीत.