उरलेल्या गोळ्या आणि औषधदान

औषधदानावर मागे लिहिले तेव्हा दोघी-तिघींनी विचारले होते की घरात उरलेली औषधे दान दिली तर चालतात का. तापाच्या गोळ्या आणि खोकल्याच्या बाटल्या बाजूला ठेवू. आज मॉर्फिनबद्दल लिहायचे आहे.

आमच्या लातूरच्या मोठ्या जाऊबाई कॅन्सरने गेल्या. शेवटचे चार महिने त्या घरीच होत्या. सगळे पुतण्याने आणि सुनेने केले. दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, रात्रीसुद्धा गजर लावून. त्या गोळ्यांमुळेच जाऊबाई कुशीवर वळू शकल्या, णमोकार म्हणू शकल्या, नातीशी बोलू शकल्या. सुतक फिटल्यावर कपाट आवरताना ६२ गोळ्या निघाल्या. आणि इकडे नांदेडला आमच्याच गल्लीत एक गृहस्थ त्याच दुखण्याने कण्हत होते. त्यांची बायको त्याच गोळ्यांसाठी एसटीने परगावी जायची. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने लहानपणापासून पाठ असलेल्या बाईच्या मनात काय आले असेल, ते तुम्ही ओळखलेच असेल.

पण हे दान करता येत नाही. एक तर दुसऱ्याच्या मात्रेची गोळी आपल्या मनाने दिली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. एवढे एकच कारण मला पुरेसे आहे. दुसरे कारण कायद्याचे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, मॉर्फिन येते. आणि साधे औषधसुद्धा परवान्याशिवाय वाटता येत नाही.

वाटायचे नाही हे ठरले. मग ठेवायचे का? इथे खरी गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, डोकेदुखीच. २०१४ मध्ये संसदेने या कायद्यात चांगली दुरुस्ती केली. त्याआधी राज्याराज्यांचे वेगळे परवाने होते आणि त्या कटकटीपायी बरेच दवाखाने मॉर्फिन ठेवतच नसत. दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना आवश्यक ठरवून देशभर एकच नियम केला. त्या नियमांत रुग्णाला त्याच्या वापरासाठी दिलेले औषध जवळ ठेवायची मुभा आहे. त्याच्या वापरासाठी! रुग्ण गेला की त्याचा वापर संपला. मग ती डबी कोणाची? मुलाची तर नाही, त्याला कोणी लिहून दिलेली नाही.

पुतण्याने हिशेब मांडला. मॉर्फिनची 'अल्प मात्रा' ५ ग्रॅमपर्यंत. ६२ गोळ्यांत निव्वळ औषध एक ग्रॅमसुद्धा नाही. पण २०२० साली सुप्रीम कोर्टाने हीरा सिंग खटल्यात ठरवले की मिश्रण असेल तर सगळ्याचे वजन धरायचे, नुसत्या अमली भागाचे नाही. आता गोळीतल्या पिठीलाही कोणी हेच लावले आणि एक गोळी शंभर मिलिग्रॅमची निघाली, तर ६२ गोळ्या सहा ग्रॅमच्या वर जातात. आईच्या उशाशी चार महिने जागलेल्या मुलाने हा हिशेब करत बसावे, याचा मला राग येतो. पोलीस त्याच्या दारात येतील असे मला मुळीच वाटत नाही. पण भीतीला तेवढे पुरते.

ज्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या तिथे विचारले. उत्तर आले, परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. औषध दुकानदार म्हणाले, "ताई, माझ्याकडे नका आणू, वहीत जमा कशी दाखवू?" त्यांचेही चूक म्हणता येत नाही.

आता हेच औषध जिथे उगवते तिथले बघा. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागात आणि राजस्थानात चितोडगडकडे शेतकरी सरकारी परवान्याने अफू लावतात. निघालेली सगळी अफू सरकारला घालायची. जास्त पिकली म्हणून घरात ठेवली तर दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी. नियम कडक आहे, पण स्पष्ट आहे: उरलेले कुठे न्यायचे ते शेतकऱ्याला ठाऊक असते आणि घेणारा समोर बसलेला असतो. शेतात उरले तर वजनकाटा आहे, घरात उरले तर काहीच नाही.

औषध नियंत्रण करणाऱ्या केंद्रीय संस्थेने मे २०२५ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात १७ औषधांची यादी आहे. ही औषधे घरात पडून राहिली तर जिवाला धोका, म्हणून ती शौचालयात टाकून पाणी सोडा असे सांगितले आहे. मॉर्फिन त्या यादीत आहे, फेंटानिल आणि ट्रामाडॉलही. कारण पटते. नातवंडांच्या हाती गोळी लागण्यापेक्षा ते बरे. पण आपण पाणी गाळून जिवाणीसुद्धा परत मूळ पाण्यात सोडणारी माणसे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात, नाहीतर गोदेकाठच्या नांदेडात, मॉर्फिन पाण्यात सोडताना हात अडखळणारच. माझा तरी अडखळेल.

केरळने वेगळी वाट काढली आहे. तिथे एनप्राउड नावाच्या योजनेत २०२५ पासून, आधी कोळिकोडमध्ये, घरातली नको असलेली औषधे गोळा करून शास्त्रशुद्ध नष्ट करायला सुरुवात झाली. आपल्याकडे एवढे मोठे काही नको. ज्या दवाखान्याला मॉर्फिन द्यायची मान्यता आहे, त्यालाच ते परत घेणे बंधनकारक करा. मोजून घ्या, पावती द्या, वहीत एक रकाना वाढवा. गोळ्या देताना वही असतेच ना!

यात एक मोठा धोका आहे, म्हणून एवढे लिहिते आहे. गल्लीतल्या त्या गृहस्थांच्या बायकोला मी हा सगळा गोंधळ सांगितला, तेव्हा ती पटकन म्हणाली, "मग काकू, पुढच्या वेळी कमीच आणते." कमी आणणे म्हणजे एखाद्या रात्री गोळी नसणे. तिला मी निक्षून सांगितले, डॉक्टर लिहितील तेवढ्या आण. चिठ्ठी आणि दवाखान्याचे कागद त्याच डबीत ठेव, पट्टीतून गोळ्या सुट्ट्या काढू नकोस, डबीला कुलूप लाव आणि कोणी कितीही मागितले तरी देऊ नकोस.

पुतण्याची डबी सध्या अशीच कुलपात आहे, मृत्यूच्या दाखल्याची प्रत आत घालून. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. मंदिरात पुढच्या रविवारी स्वाध्यायानंतर सह्या घेणार आहे. ज्यांच्या कपाटात अशी डबी असेल त्यांनी जरूर यावे. किती गोळ्या आहेत ते मी विचारणार नाही.