रडवणारी पुस्तके

रविवारी रडवणारी पुस्तके कशाला, असे घरची मंडळी विचारतील. २००३ च्या दुष्काळात मी आटपाडी तालुक्यात बँकेची वसुली पाहत होतो. मेंढ्यांसाठी कर्ज घेतलेल्या एका धनगराच्या दाराला कुलूप दिसले. ‘पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा मारून मी मोकळा झालो.

पुढे त्याच तालुक्यातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) पुन्हा हाती घेतली. दुष्काळात वाडी ओस पडते, शाळा रिकामी होते, मास्तरही निघतो. तेव्हा कुठे कळले, माझा धनगर गेला कुठे असेल! साताऱ्यात असताना लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) वाचून झोप उडाली होतीच. गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या कैकाड्यांना पत्ता तरी कुठला? पण वाचून शहाणा झालो नव्हतो, हे खरे. तो शेरा फाइलीत तसाच राहिला.