बेळगावच्या बाई

इंदिरा संत यांचे नाव निघाले की आमच्या साहित्यिक मंडळींचा आवाज एकदम खालच्या पट्टीत जातो. विरह, एकाकीपण, हळुवार वेदना असे चारदोन शब्द ठरलेल्या क्रमाने उच्चारले जातात, एखादा सुस्कारा टाकला जातो आणि विषय संपतो. या शब्दांत खोटे काही आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्यांनी 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' ही पुस्तके वाचली आहेत त्यांस ते मान्यच होईल. परंतु ज्या बाईंना बेळगाव शहराने वर्षानुवर्षे शिकविण्याच्या कामावर जाताना पाहिले, ज्यांनी पतीच्या मागे संसार ओढला, आणि ज्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना शिक्षिका करून गावोगावच्या शाळांत धाडले, त्या बाई या वर्णनात कोठेच सापडत नाहीत. आज आम्हांला त्या बाईंविषयी लिहावयाचे आहे. त्यांच्या कवितेविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते पुण्यामुंबईस बसून चांगले लिहितात.

इंदिराबाईंचा जन्म ४ जानेवारी १९१४ रोजी विजापूर जिल्ह्यातील इंडी येथे झाला. माहेरचे आडनाव दीक्षित. बालपण गेले ते निपाणीजवळच्या तवंदी गावी. पुणे-बंगळूर रस्त्याने जाणाऱ्या मोटारवाल्यांना तवंदी म्हणजे केवळ एक घाट वाटतो. मराठी कवितेत ज्या मातीचा, पावसाचा, रानफुलांचा वास पुढे दरवळला तो त्या घाटमाथ्यावरचा आहे, हे किती जणांच्या ध्यानात येत असेल? पुढचे शिक्षण कोल्हापूरचे राजाराम कॉलेज आणि पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज येथे झाले. इंडी, तवंदी, कोल्हापूर, पुणे आणि अखेर बेळगाव! एका मराठी मुलीच्या पायाखालची ही सलग वाट होती. कोठे जिल्हा बदलला, कोठे संस्थानाची हद्द लागली, याचा तिच्या शिकण्याशी काडीमात्र संबंध आला नाही. पुढे याच वाटेवर राज्याची सीमा आडवी पडली.

फर्ग्युसनमध्येच नारायण संत यांची भेट झाली आणि विवाह झाला. 'उघडे लिफाफे' लिहिणारे ना. मा. संत ते हेच. उभयतांच्या कवितांचा 'सहवास' हा संग्रह १९४० साली निघाला. नवराबायकोने मिळून पुस्तक काढावे ही गोष्ट त्या काळी काही रोजची नव्हती. परंतु हा सहवास अवघ्या दहा वर्षांचा ठरला. १९४६ साली नारायणरावांचे निधन झाले. इंदिराबाईंचे वय तेव्हा बत्तीस होते, आणि घरात लहान मुले होती.

१९४६ हे साल सीमाभागातील मराठी माणसास निराळ्याच कारणाने पाठ आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात बेळगावास ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तेथून निश्चयाने पुढे निघाली. त्या मांडवाची, त्या भाषणांची वर्णने आपण आपल्या वडीलधाऱ्यांकडून शंभरदा ऐकली आहेत. त्याच वर्षी त्याच गावातील एका घरावर काय कोसळले, ते इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. येण्याचे कारणही नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. गावाची भाषा ठरावांनी जशी राखली जाते, तशी ती सकाळी उठून शाळेत जाणाऱ्या माणसांनीही राखली जाते. आणि या दुसऱ्या प्रकारच्या माणसांची नोंद ठेवण्यात आपला समाज फार कंजूष आहे.

बत्तिसाव्या वर्षी विधवा झालेल्या ब्राह्मण बाईपुढे त्या काळी कोणते मार्ग होते? सासरच्या स्वयंपाकघरात जन्म काढणे, माहेरी भावजयीच्या हाताखाली राहणे, नाही तर शिक्षिका होणे. यांतील तिसरा मार्ग ज्यांनी खुला केला त्यांचे उपकार आपण विसरू नयेत. पुण्यात मुलींचे ट्रेनिंग कॉलेज १८७० साली निघाले. सेवासदन १९०९ साली निघाले. विधवा आणि परित्यक्ता यांना शिक्षिका करून स्वतःच्या पायावर उभे करण्याचे काम या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. मात्र एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. समाजाने हा पेशा बायकांच्या हाती दिला तो विद्येच्या आदरापोटी दिला असे नाही. यापेक्षा अधिक अब्रूचे आणि यापेक्षा कमी पगाराचे दुसरे काम त्याला सुचले नाही, म्हणून दिला! इंदिराबाई पदवीधर होत्या, लिहित्या होत्या, हे त्यांचे भाग्य. बेळगावच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या अध्यापिका झाल्या आणि पुढे त्याच संस्थेच्या प्राचार्या झाल्या.

ट्रेनिंग कॉलेज हा शब्द आता जुना झाला आहे, म्हणून तेथे काय चालते ते तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. खेड्यांतून, तालुक्याच्या गावांतून मुली येतात. त्यांतील कित्येकींनी घराबाहेर रात्र काढलेली नसते. त्यांना शिकविण्यास शिकावयाचे असते. रात्री जागून त्या पाठाचे टाचण काढतात, आणि दुसऱ्या दिवशी सरावपाठासाठी लहान मुलांच्या वर्गापुढे उभ्या राहतात. हाताला घाम सुटलेला, खडू दोनदा मोडलेला, आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या बाई! फळ्यावरचे अक्षर वर चढत गेले की खाली उतरले, प्रश्न साऱ्या वर्गाला विचारला की एकाच हुशार मुलीला, कविता म्हणताना अर्थ लागला की नुसता ठेका, हे सारे त्या वहीत उतरते. पाठ संपल्यावर जे बोलले जाते त्यावर त्या मुलीचा पुढचा सारा जन्म अवलंबून असतो. धीर मिळाला तर ती शिक्षिका होते. मोडला तर नुसती नोकरी करते. अशी एक मुलगी शिकून एका खेड्यात गेली की तीस वर्षे त्या खेड्यातील पोरे तिच्या तोंडची मराठी बोलू लागतात. मराठी भाषेच्या एका मोठ्या कवयित्रीचे दिवस या कामात गेले. हे भाषेचे काम नव्हते, असे कोणाची म्हणण्याची छाती आहे?

पुस्तकांची सालेही या दिवसांच्या शेजारी ठेवून पाहा. 'शेला' १९५१, 'मेंदी' १९५५, 'मृगजळ' १९५७, 'रंगबावरी' १९६४, 'बाहुल्या' १९७२, 'गर्भरेशीम' १९८२. पहिल्या तीन संग्रहांच्या काळात घरात शिकणारी मुले आहेत, डोक्यावर नोकरी आहे, घरखर्च एकटीच्या पगारावर आहे. शिवाय याच वर्षांत त्यांच्या कथाही निघत होत्या. यात कविता लिहिण्याचा वेळ कोणता? ज्या समीक्षकांना या कवितांचा आटोपशीरपणा कलादृष्टीने मोलाचा वाटतो, त्यांनी कधी काळी एखाद्या नोकरी करणाऱ्या आईच्या दिवसाचे वेळापत्रकही चाळून पाहावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

आईपणाविषयी मात्र कॅलेंडरावरच्या चित्रासारखे बोलून चालणार नाही. १९३७ साली जन्मलेला मुलगा वडील गेले तेव्हा नऊ वर्षांचा होता. आजोळच्या घराण्यात दत्तक गेल्यामुळे त्याचे कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित असे झाले. कराडला भूगर्भशास्त्र शिकविणारे हे प्राध्यापक पुढे मराठी वाचकांस प्रकाश नारायण संत या नावाने माहीत झाले. दत्तक गेलेल्या मुलाने लेखनासाठी वडिलांचे नाव आणि आडनाव उचलावे, यातच पुष्कळ काही आले. त्यांच्या आरंभीच्या कथा 'सत्यकथे'त आल्या, मग कित्येक वर्षे मौन, आणि १९९४ साली 'वनवास'. आईबापांपासून दूर आजीआजोबांच्या घरी वाढणारा, मराठीत कानडीची फोडणी पडलेल्या गावात हिंडणारा तो लंपन! ते गाव पुस्तकात बेळगाव म्हणून येत नाही. पण आपल्यापैकी कोणाला ते ओळखण्यास दुसऱ्या वाक्यापर्यंत जावे लागले? इंदिराबाईंची त्या वेळी ऐंशी वर्षे झाली होती. मुलाने आपल्या बालपणाविषयी लिहिलेले त्यांच्या हयातीत छापून आले. आई वाचणार आहे हे ठाऊक असून मुलाने आईविना गेलेल्या दिवसांविषयी लिहावे, आणि त्यात कडवटपणाचा लवलेश नसावा, याहून त्या घराच्या शिकवणुकीची निराळी साक्ष आम्हांला नको.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यास जोडले गेले. बाई त्या वेळी बेचाळीस वर्षांच्या होत्या. पुण्याकोल्हापुराकडे नाती होती, नाव झाले होते, पदवी हाती होती. तरीही त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ बेळगावातच गेला. याचा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावणार नाही. सभेत टाळी मिळेल अशी कविता ही त्यांची ओळख नव्हे, आणि त्यांच्या मुखी घोषणा घालण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही एवढेच पाहतो की राज्य बदलले तरी मराठी लिहिणारी एक शिक्षिका या गावात राहिली, आणि ती येथे होती म्हणून मराठी साहित्याच्या नकाशावरून बेळगाव कोणास पुसता आले नाही.

ज्या मराठीसाठी हे गाव आडून बसले, त्या मराठीच्या मानकऱ्यांनी या बाईंशी कसा व्यवहार केला? १९८४ साली 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने जनस्थान पुरस्कार दिला. हे योग्यच झाले. परंतु १९९२ साली कोल्हापुरास साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत इंदिरा संत उभ्या होत्या आणि त्या पराभूत झाल्या. रमेश मंत्री निवडून आले. मंत्री विनोदी लेखक म्हणून लोकप्रिय होते. त्यांच्याविषयी आम्हांला वाकडे बोलावयाचे नाही. दोष त्या पद्धतीचा होता. घटक संस्थांच्या मोजक्या मतदारांच्या याद्या, पत्रे, भेटीगाठी, वशिले, या धांदलीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेला उमेदवार म्हणून उभे करावे आणि हरवावे, हा प्रकार ज्या भाषेत घडला तिने मान खाली घालावी असा होता. आणि ते कोठे घडले? ज्या कोल्हापुरात त्या विद्यार्थिनी म्हणून शिकल्या, तेथे! १९९२ पर्यंत फक्त दोन स्त्रिया त्या खुर्चीत बसल्या होत्या : १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे आणि १९७५ साली कराडला दुर्गा भागवत. पुढे १९९६ साली आळंदीस शांता शेळके, २००१ साली इंदूरला विजया राजाध्यक्ष, २०१९ साली यवतमाळला अरुणा ढेरे आणि २०२५ साली दिल्लीस तारा भवाळकर. सहांपैकी तिघींची संमेलने महाराष्ट्राबाहेर भरली, हा योगायोग असेलही. निवडणुकीची ती पद्धत यवतमाळच्या वेळेपासून गेली आणि संमती आली. इंदिराबाईंना तिचा उपयोग होण्याची वेळ तोवर टळून गेली होती.

त्या पराभवानंतर त्या गप्प बसल्या नाहीत. 'वंशकुसुम' आले, 'निराकार' आला, आणि 'मालनगाथा' आली. जात्यावर दळताना बायकांनी रचलेल्या, ज्यांच्या खाली कोणाचे नाव नाही अशा ओव्या त्यांनी या ग्रंथात जमवून त्यांचे मर्म उलगडले. निवृत्त शिक्षिकेने उतारवयात करावे असे याहून चोख काम आम्हांला सुचत नाही. ज्या मराठीत त्यांची कविता छापून आली, ती ज्यांच्याकडून आपल्यापर्यंत पोचली त्या अनामिक बायांचे हे ऋण होते. १३ जुलै २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी बेळगावास य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले होते.

आता आमची मागणी. बाईंच्या हाताखाली ज्या मुली शिकल्या त्यांतील अगदी धाकट्या आज पंचाहत्तरी ओलांडून गेल्या असतील. कोणी खानापूर भागात असेल, कोणी निपाणीस, कोणी मुलाकडे पुण्यास किंवा सांगलीस. दर वर्षी त्यांतील काही जणी जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर बाईंचा वर्गही जात आहे. बाई वर्गात कशा येत, पाठ फसला तर काय बोलत, वहीत शेरा कसा लिहीत, घरच्या अडचणीने शिक्षण सोडू पाहणाऱ्या मुलीला काय सांगत, हे त्या मुलींखेरीज कोणाला ठाऊक नाही. ज्या घरांत अशा आजीबाई आहेत त्या घरांतील नातवंडांनी या दिवाळीच्या सुटीत त्यांच्यापुढे वही घेऊन बसावे. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल, मजकूर दोन पानांचा असला तरी चालेल. जुनी पाठटाचणे, वर्गाचे छायाचित्र, बाईंच्या हातचा एखादा शेरा पेटीत असेल तर तो फेकून न देता गावच्या वाचनालयाकडे सोपवावा. आमच्याकडे जे लिहून येईल त्याला या पानावर दर रविवारी जागा मिळेल.